शिक्षेला शेवटची तारीख असते



तुरुंगातले दिवस माणूस कसे काढतो आणि सुटल्यावर त्याला समाजात पुन्हा जागा कशी मिळते, हा आजचा विषय आहे. तो मोशीत मांडायला सबळ कारण आहे. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या या गावाच्या एका अंगाला इंद्रायणी आणि आळंदी आहे, दुसऱ्या अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत, आणि पुणे-नाशिक रस्त्याने पुढे गेले की चाकण. कामाच्या शोधात मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेली माणसे इथे राहतात. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतःचे पोलीस आयुक्तालय आहे आणि न्यायालयाच्या संकुलासाठी मोशीतच जागा ठरली आहे. तुरुंग मात्र शहराला नाही. इथल्या माणसाची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली की तो सहसा येरवड्याला जातो. दिघी-विश्रांतवाडी रस्त्याने हे अंतर तासाभराचे आहे. त्याच रस्त्याने तो एक दिवस परत येतो, आणि तेव्हा त्याला भेटणारा समाज म्हणजे आपणच असतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शिक्षेला शेवटची तारीख असते आणि ती न्यायालय ठरवते. त्या तारखेनंतर शिक्षा चालू ठेवण्याचा अधिकार कोणत्याही ठेकेदाराला, घरमालकाला किंवा सोसायटीच्या कमिटीला दिलेला नाही. तरीही आपण ती चालू ठेवतो. त्यातून आपली सुरक्षितता वाढते असा आपला समज आहे, आणि तो समज खरा नाही. हे मी दयेच्या भाषेत मांडणार नाही. दया ज्याच्या त्याच्या मनावर असते. इथे प्रश्न न्यायाचा आहे आणि शहराच्या हिताचाही आहे.

आधी तुरुंगात कोण आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६. त्या माणसांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चौघांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांच्यावर आरोप होता, तो सिद्ध झालेला नव्हता. या कच्च्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा मुक्काम वर्षाच्या आतला होता. शिक्षणाने पाहिले तर तुरुंगातली बहुसंख्य माणसे दहावीपर्यंतही पोहोचलेली नाहीत. ‘कैदी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जन्मठेप भोगणारा खुनी उभा राहतो. आकडे दाखवतात तो माणूस वेगळा आहे. तो कमी शिकलेला आणि बहुतेकदा गरीब आहे, खटला अजून चाललेला नाही, जामिनाची रक्कम किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून अडकलेला आहे, आणि वर्षभरात आपल्याच वस्तीत परतणार आहे. यातले काही जण पुढे निर्दोष सुटतील. त्यांच्या बाबतीत तर शिक्षा सुनावली गेलेलीच नसते, ती फक्त भोगून होते.

ही स्थिती सरकारला आणि न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांकडे देशाचे लक्ष वेधले आणि त्वरित खटला हा मूलभूत हक्काचा भाग मानला. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ती लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या प्रकरणांनाही लागू केली. गरीब कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार आणि दंड भरण्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. माणूस बाहेर यावा यासाठी कायद्याने असे दार किलकिले केले आहे. बाहेर आल्यावर पुढचे दार उघडण्यासाठी मात्र तितका विचार झालेला नाही, आणि ते दार आपल्या हातात आहे.

आता तुरुंगातल्या दिवसांकडे वळू, कारण परत येण्याची तयारी तिथेच होते किंवा तिथेच बिघडते. सकाळी बराक उघडते, गिनती होते, चहा, नाश्ता, अंघोळीसाठी रांग, संध्याकाळी उजेड असतानाच पुन्हा गिनती आणि टाळे. पक्क्या कैद्याला निदान काम असते. त्याला शिक्षा किती, माफी किती मिळाली, संचित रजा कधी मिळेल, हे हिशेब मांडता येतात. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नसते आणि दिवसांचा हिशेबही नसतो. त्याचे सगळे आयुष्य पुढच्या तारखेवर टांगलेले असते. तारखेला न्यायला पोलिसांचा गार्ड मिळाला नाही, किंवा हजेरी पडद्यावरूनच झाली, की पुन्हा नवी तारीख. माणूस सर्वाधिक खचतो तो या अनिश्चिततेने. किती दिवस काढायचे हे कळले तर माणूस ते काढतो, पण शेवट माहीत नसलेला काळ त्याला आतून पोखरतो. मुदत ठाऊक असणे ही तुरुंगातली पहिली गरज आहे, आणि मुदत संपली हे समाजाने मान्य करणे ही बाहेरची पहिली गरज आहे.

महाराष्ट्राला तुरुंगाचा एक उजळ इतिहासही आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. येरवड्यातच १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. त्याच येरवड्यात १८९८ मध्ये चिंचवडचे दामोदर चापेकर फाशी गेले. या इतिहासाचा आपण अभिमान बाळगतो आणि मनोबल असेल तर तुरुंगातही माणूस मोठे काम करू शकतो, असा धडा त्यातून काढतो. तो धडा अपुरा आहे. त्या माणसांकडे मनोबल होतेच, पण आणखीही काही होते. कागद आणि ग्रंथ होते, दिनक्रमाला बांधून ठेवणारे काम होते, बोलायला सोबती होते. आणि बाहेर त्यांची वाट पाहणारा समाज होता. १९१४ मध्ये टिळक सुटून आले तेव्हा पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले. तुरुंगात जाऊन आल्याने त्यांची पत वाढली. सामान्य कैद्याजवळ नेमके हेच नसते. त्याच्या मनोबलाची परीक्षा घेण्यापूर्वी, उमेद धरावी असे काही आपण त्याच्यासाठी बाहेर ठेवले आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

उमेदीचा सगळ्यांत मोठा आधार घर असते. महाराष्ट्राच्या तुरुंगांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम झाला. एरवी मुलाखतीच्या खिडकीत मध्ये काच किंवा जाळी असते आणि फोनवरून बोलावे लागते. गळाभेटीत कैद्याला आपल्या लहान मुलाला जवळ घेता येते. उपक्रम दिसायला छोटा आहे. पण वर्षभर बापाला फक्त काचेआड पाहिलेल्या मुलाने त्याच्या मांडीवर बसावे, यातून त्या बापाला बाहेरच्या आयुष्याशी बांधणारा धागा टिकतो. दुसरे उदाहरण पैशाचे आहे. १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षाबंद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते आणि ते त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून फिटते. मुलांची फी, आजारपण, वकील यांसाठी घरच्यांना ते वापरता येते. तुरुंगातली मजुरी दिवसाला शंभर रुपयांच्याही आत आहे, हे लक्षात घेतले की कर्ज फिटायला किती काळ लागेल याचा अंदाज येतो. तरीही या योजनेचे मोल मी मोठे मानतो. आत असलेला माणूस अजूनही घराचा कर्ता आहे, त्याच्या श्रमाला पत आहे, हे एका बँकेने कागदावर मान्य केले. स्त्रियांच्या वाट्याला हे फार कमी येते. नवरा तुरुंगात गेला तर बायको डबा आणि वकील यांच्यामागे धावते. बायको गेली तर अनेकदा मुलाखतीला कोणी फिरकत नाही, आणि सुटकेनंतर सासर-माहेर दोन्ही दारे बंद होतात.

आता सुटकेचा दिवस. जामिनाचा किंवा निर्दोष सुटकेचा आदेश पोहोचतो, सही-अंगठा होतो आणि जमा केलेल्या वस्तू परत मिळतात. त्यात मोबाइल असतो, पण तो मुका असतो. नव्वद दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि तो दुसऱ्याला मिळू शकतो. बँकेचे खाते, आधारची ओळख, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, रेशनचे ई-केवायसी, सगळे त्या नंबराला जोडलेले असते. ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. दोन वर्षे व्यवहार झाला नसेल तर खातेही निष्क्रिय झालेले असते. नवा नंबर जोडायला आधार केंद्रावर जायचे, तिथून बँकेत, बँकेत पत्त्याचा पुरावा, आणि भाड्याची खोली तर अटकेनंतर दुसऱ्या महिन्यातच सुटलेली असते. चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागायचे तर आधार, पासबुक आणि पीएफचा क्रमांक लागतो. ते जुळेपर्यंत गेटपास नाही, गेटपास नाही तर मजुरी नाही, आणि मजुरी नाही तर खोली नाही. या माणसाच्या मनात कोणतेही पाप नसले तरी पहिले दोन महिने तो उपाशी राहू शकतो. ‘सुधारला आहे का?’ हा आपला आवडता प्रश्न असतो. पहिल्या महिन्यात त्याच्यापुढचा प्रश्न फार साधा असतो, नंबर सुरू झाला का आणि आज कुठे झोपायचे.

कागद जुळले तरी एक कागद राहतोच, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. कंपनी तो ठेकेदाराकडे मागते आणि ठेकेदार कामगाराकडे. कंपनीने तो मागण्यात मुळात गैर काही नाही. गैर आहे ती तो वाचण्याची रीत. अर्जदारावर कधीकाळी गुन्हा दाखल झाला होता एवढे दिसले की पुढचे कोणी वाचत नाही. खटला चालू आहे, निर्दोष सुटला, तडजोड झाली, दंडावर भागले की शिक्षा भोगून दहा वर्षे झाली, या सगळ्यांचे उत्तर एकच येते, ‘जागा भरली’. शेजारच्या भांडणात नाव गोवलेला पोरगा आणि दरोड्यात शिक्षा झालेला माणूस एकाच रांगेतून परत फिरतात. न्यायालय वर्षानुवर्षे पुरावे तपासून जो फरक करते, तो आपण गेटवर अर्ध्या मिनिटात पुसून टाकतो.

शिक्का कायद्यापेक्षा जास्त जगतो, हे महाराष्ट्राने एका फार मोठ्या प्रयोगात पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवले, हजेरी लावली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा गेला. पण आजही एखाद्या गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर संशय जातो. ज्यांनी गुन्हा केलेला नाही, ज्यांच्या बापानेही केलेला नाही, अशा मुलांनी सत्तर वर्षांपूर्वी रद्द झालेल्या कायद्याची शिक्षा भोगली. यावर उत्तर काय असू शकते तेही आपल्याच शहरात आहे. चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना शिकवते, त्यांच्या घराण्यांतली हातांची कौशल्ये शिक्षणात आणते. तुरुंगाच्या आत हा शिक्का कसा टिकून होता, हे अलीकडेच उघड झाले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवह्यांतले जातीचे रकाने काढायला सांगितले. रकाना कागदावरून काढता येतो. तो मनातून काढायला शाळा, काम आणि शेजार लागतो.

विश्वास टाकला तर काय होते, याचाही पुरावा महाराष्ट्राजवळ आहे आणि तो आपण विसरलो आहोत. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने, आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत वसवली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तिथे भिंत नव्हती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना बायकामुलांसह राहू दिले, कसायला जमीन दिली. त्याच भागात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. चित्रपट सगळ्यांना आठवतो, वसाहत कुणाला आठवत नाही. ती आजही राज्याच्या तुरुंग विभागाकडे आहे, पण मोजक्या कुटुंबांपुरती. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका छोट्या दुष्काळी संस्थानाला जे साधले, त्याचा विस्तार श्रीमंत महाराष्ट्राने केला नाही.

या प्रयोगाचे बळ कशात होते हे नीट पाहिले पाहिजे. चांगुलपणाचे उपदेश तिथे मुख्य नव्हते. कैद्याला तिथे त्या काळच्या त्या मुलखाचे खरे काम मिळाले, म्हणजे शेती, आणि ते त्याने कुटुंबासोबत केले. सुटल्यावर जे आयुष्य जगायचे तेच तो शिक्षेत जगत होता. राज्यात पुढे पैठणला, येरवड्याला आणि इतरत्रही खुले तुरुंग झाले, पण त्यांचा पाया अजून शेतीच आहे. राज्य मात्र बदलले. आज सुटणारा तरुण मोशीला, भोसरीला, रांजणगावला कामाला येतो. इथे मागणी आहे वेल्डरला, फिटरला, सीएनसी आणि व्हीएमसी चालवणाऱ्याला, फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरला. तुरुंगात त्याने सतरंजी विणलेली असते, सुतारकाम किंवा धोबीकाम केलेले असते. ती कामे हलकी नाहीत, पण चाकणच्या गेटवर त्यांची ओळख पटत नाही. जयपूरजवळ सांगानेरला १९६० च्या दशकापासून एक खुली छावणी आहे. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात आपापल्या कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. अशी छावणी देशातल्या सर्वांत मोठ्या वाहन-उद्योगाच्या पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात, आपल्याकडे, का असू नये? शेतीच्या युगाला स्वतंत्रपूर सुचले. कारखान्यांच्या युगाला त्याच्या तोडीचे काही सुचलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो या भागात खरा आहे. लोक म्हणतात, ‘तुम्ही पुस्तकातल्या कैद्याबद्दल बोलता. आमच्याकडे भंगाराच्या ठेक्यावरून मारामाऱ्या होतात, उद्योजकांकडे खंडणी मागतात, कोयते घेऊन पोरे फिरतात, आणि सुटून आला की गाड्यांचा ताफा घेऊन मिरवणूक काढतात.’ हे सगळे घडते, त्याकडे डोळेझाक करण्यात अर्थ नाही. संघटित गुन्हेगारीसाठी राज्याने १९९९ मध्ये मोक्का कायदा केला, तडीपारीची तरतूद त्याच्याही आधीपासून आहे, आणि सिद्ध झालेल्या धोक्यावर ती साधने वापरलीच पाहिजेत. पण त्या मिरवणुकीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहा. सुटणाऱ्या पोराला न्यायला गाडी कोणी पाठवली? टोळीने. त्याच्या घरी आतल्या काळात किराणा कोणी भरला, वकील कोणी दिला? बहुतेकदा टोळीनेच. त्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी समाजाच्या वतीने कोणीच उभे नसते. एकीकडे हार घालून नेणारे लोक आणि दुसरीकडे दाखला पाहून परत पाठवणारा गेट, यांतून अठरा-वीस वर्षांचे पोर कुठे जाईल हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. टोळीला रोज नवी माणसे लागतात, आणि सरसकट नकार देऊन ती आपण पुरवतो. सुरक्षिततेची काळजी ज्याला खरोखर आहे, त्याने पहिल्यांदाच आत गेलेल्या पोराला टोळीच्या आधी गाठले पाहिजे.

दुसरा आक्षेप पीडितांचा आहे आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. ज्याचा मुलगा मारला गेला त्याने आरोपीच्या पुनर्वसनाचे व्याख्यान का ऐकावे? त्या घराचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही, आणि त्याने क्षमा करावी असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या घराला वेळेवर निकाल, भरपाई, संरक्षण आणि सन्मान मिळणे हे राज्याचे कर्तव्य आहे. फौजदारी कायद्यात पीडितांच्या भरपाईची तरतूद आहे, महाराष्ट्रात लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ल्यांतल्या पीडित स्त्रिया-मुलांसाठी मनोधैर्य योजना आहे, आणि ती वेळेत पोहोचत नसेल तर त्यासाठी भांडले पाहिजे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या रास्त मजुरीचा विचार करताना त्या मजुरीतला वाटा पीडितांसाठी बाजूला ठेवण्याची दिशा दाखवली. म्हणजे कैद्याचे कमावणे पीडिताच्या विरोधात जात नाही, उलट भरपाईचा तो एक मार्ग होऊ शकतो. आणि माणूस सुटल्यावर काम न मिळाल्याने पुन्हा गुन्ह्याकडे वळला, तर आधीच्या पीडिताला काहीच मिळत नाही आणि नव्या एका घरावर तेच दुःख कोसळते.

तिसरा आक्षेप मोशीच्या नाक्यावर कामासाठी उभा असलेला माणूस घेईल. ‘मी कधी कुणाच्या वाटेला गेलो नाही, तरी मला काम नाही. मग त्यांना आधी का?’ त्याला आधी द्या असे माझे म्हणणेच नाही. मी राखीव जागा मागत नाही, सवलत मागत नाही. रांगेत त्याला उभे राहू द्या आणि कामाची परीक्षा घ्या, एवढीच मागणी आहे. खरे तर आजच्या पद्धतीचा फटका नाक्यावरच्या त्या माणसालाही बसतो. ज्याच्यावर शिक्का आहे तो कोणत्याही दराने, पीएफशिवाय, नावनोंदणीशिवाय, धोक्याच्या कामावर जायला तयार होतो. असा अगतिक कामगार हाताशी असला की सगळ्यांचीच मजुरी खाली येते.

चौथा आक्षेप मालकांचा आहे. अपघात झाला, चोरी झाली, तर जबाबदार कोण? हा प्रश्न रास्त आहे आणि कायदाही त्याला मान देतो. २०१६ च्या अवतारसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने माहिती खरी दिली पाहिजे आणि ती तपासण्याचा हक्क नेमणूक करणाऱ्याला आहे. पण त्याच निकालात गुन्ह्याचे स्वरूप, उमेदवाराचे वय, प्रकरण क्षुल्लक होते की गंभीर, याचा विचार करायलाही सांगितले. म्हणजे डोळसपणे निवडा असा तो आदेश आहे. आपल्या कायद्यांत हा विवेक जुना आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. २०१५ चा बालन्याय कायदा बहुतेक प्रकरणांत मुलाची नोंद पुढे नष्ट करायला सांगतो. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की शिक्षेनंतर ठरावीक वर्षे नीट वागलेल्या माणसाची जुनी दोषसिद्धी बहुतेक नोकऱ्यांसाठी इतिहासजमा होते. मुलांशी संबंधित कामे आणि असे काही संवेदनशील व्यवसाय त्यातून वगळलेले आहेत. सर्वसाधारण कामगारासाठी आपल्याकडे असा कायदा झाला पाहिजे. तो होईपर्यंत चाकणच्या मनुष्यबळ विभागांनी तीन गोष्टी स्वतःहून विचाराव्यात. दोष सिद्ध झाला होता का? गुन्ह्याचा या कामाशी संबंध आहे का? त्याला किती वर्षे झाली? लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेच्या बसवर घेऊ नका, अपहार केलेल्याच्या हाती तिजोरी देऊ नका. पण तरुणपणी हाणामारीत अडकलेल्या माणसाला आयुष्यभर प्रेसशॉपमध्ये पाऊल ठेवू द्यायचे नाही, याला कोणताही तर्क नाही.

मग करायचे काय? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंग आणि पोलीस कोठडीतल्या माणसांसोबत काम करतो. कायदेशीर मदत, घरच्यांशी संपर्क, सुटल्यावर निवारा आणि काम, असा सलग हात तो देतो. त्याचा धडा असा की हे काम प्रशिक्षित, पगारी समाजकार्यकर्त्यांचे आहे, केवळ सणासुदीला मिठाई वाटण्याचे नाही. मोशीत न्यायालय उभे राहील तेव्हा त्याच आवारात विधी सेवा प्राधिकरणाच्या जोडीने सुटणाऱ्यांसाठी एक मदत कक्ष असावा. आधार, नंबर, बँक, रेशन, पीएफ ही साखळी तिथे आठवडाभरात जोडून मिळावी. येरवड्यातल्या कार्यशाळा इथल्या आयटीआय आणि कारखान्यांशी जोडून, बाहेर चालेल असे प्रमाणपत्र आतच मिळावे, आणि त्यावर तुरुंगाचे नाव नसावे. चारित्र्याच्या दाखल्यावर गुन्ह्याच्या नोंदीसोबत त्याचा निकालही ठळक छापला जावा. कंपन्यांकडे सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी आहे. त्यातून झाडे लावली जातात, तशी काही माणसेही उभी करता येतील.

उरलेले काम सरकारचे नाही, ते आपले आहे. या परिसरात गेल्या काही वर्षांत शेकडो गृहसंस्था उभ्या राहिल्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्या माहितीवरून माणसाला घर नाकारण्याचा परवाना मात्र कोणी दिलेला नाही. ज्या घरातला कर्ता आत आहे, त्या घरातल्या मुलांना शाळेत, खेळाच्या मैदानावर आणि गणपतीच्या मांडवात बाकीच्या मुलांसारखेच वागवणे, याला कोणत्याही योजनेची मंजुरी लागत नाही. त्या मुलांनी काहीही केलेले नाही, आणि बाप परत येतो तेव्हा त्याला पहिला आधार त्यांचाच असतो.

श्रोतेहो, न्यायव्यवस्थेवर आपला विश्वास आहे असे आपण नेहमी म्हणतो. न्यायालयाने शिक्षा सुनावली की आपण समाधान व्यक्त करतो. मग त्याच न्यायालयाने ठरवलेली मुदत संपल्यावरही तो विश्वास टिकला पाहिजे, आणि निर्दोष ठरवल्यावर तर नक्कीच टिकला पाहिजे. निकालाचा अर्धा भाग मानायचा आणि अर्धा नाकारायचा, याला न्यायावरचा विश्वास म्हणता येणार नाही. शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे आणि ते त्याने केले. तिची शेवटची तारीख पाळण्याचे काम आपले आहे. पुढच्या वेळी एखाद्याचा अर्ज, भाड्याची विचारणा किंवा स्थळ आपल्यासमोर येईल, तेव्हा ‘आत जाऊन आला आहे’ या एका वाक्यावर निर्णय न घेता पुढचे दोन प्रश्न विचारण्याची तसदी मोशीकरांनी घ्यावी, ही या व्यासपीठावरून माझी कळकळीची विनंती आहे.